रिबेकाबाईंची जास्वंद

"ताई, तुम्ही फसवलंत मला. पिवळी म्हणून दिली होती, आणि हे बघा काय उमललंय."

गणपती झाले की असं एखादं गिऱ्हाईक येतंच. नवीन पनवेलच्या एका साहेबांनी तर कुंडी रिक्षाच्या मागच्या सीटवर बसवून आणली होती आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले होते. कुंडीत कमरेएवढी वाढलेली जास्वंद, तिला पाच पाकळ्यांचं साधं लाल फूल. इतकी वर्षं या कामात गेली, तरी कुणी आवाज चढवला की मी आधी स्वतःलाच धरते. वाटतं, चुकलंच असेल आपलं काहीतरी, आता काढून टाकतील. मग मी झाडापाशी उकिडवी बसते, बुडाची माती बोटाने बाजूला करते आणि गाठ शोधते.

गाठ म्हणजे कलमाची जागा. बशीएवढ्या फुलांच्या केशरी, पिवळ्या, जांभळ्या जास्वंदी तुम्ही रोपवाटिकेत बघता ना, त्यांची मुळं नाजूक असतात. इकडच्या पावसात कुजतात. म्हणून खाली आपली देशी लाल जास्वंद घ्यायची, पेन्सिलीच्या जाडीची. तिला आम्ही खुंट म्हणतो. खुंटाचं डोकं उडवायचं, मधोमध चीर द्यायची, भारी जास्वंदीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची, वरून पिशवीची टोपी घालायची आणि सावलीत ठेवून वाट बघायची. जीव धरला तर वर भारी, खाली देशी. पण खुंट काही मेलेला नसतो. जरा दुर्लक्ष झालं की तो गाठीच्या खालून फुटतो, आणि त्याची फूट इतकी जोमदार असते की माणसं कौतुकाने तिलाच वाढवतात. वरची काडी उपाशी पडते, वाळते, एक दिवस गळून जाते. झाड जिवंतच असतं. फक्त तुम्ही नेलेलं ते नसतं.

साहेबांना मी गाठ दाखवली. ते वाकून बघत म्हणाले, "म्हणजे मी दुसऱ्याचंच पोर वाढवलं म्हणायचं."

"पोर गुणी आहे साहेब. बाप्पाला हेच लागतं."

ते हसले आणि जाताना आणखी एक पिवळी घेऊन गेले. मलाही हसू आलं होतं. आता तशी तक्रार घेऊन कुणी आलं तर मी समजावते सगळं, पण हसू येत नाही. का येत नाही, ते लिहायचा हा प्रयत्न आहे.

मी वाशीमकडची. शाळा सातवीत सुटली, कारण माय मजुरीला जायची आणि लहान भावंडं बघायला घरी कुणी नव्हतं. लग्न झालं, नवरा जासईला कंटेनरच्या यार्डात कामाला लागला, आणि आम्ही पनवेलला खोली घेतली. नानांच्या रोपवाटिकेत मी पिशव्या भरायला लागले. लाल माती, शेणखत, भाताचं तूस, कालवायचं आणि काळ्या पिशव्यांत भरायचं. नाना इथलेच. घरची भातशेती आणि मिठागर, दोन्ही आटत गेलं तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही रोपवाटिका टाकली. माझ्या बोलण्याची त्यांना फार गंमत वाटायची. काम सांगितलं की मी म्हणायची, "पाहून राहिले ना नाना." ते ओरडायचे, "पाहून राहिली, पाहून राहिली! आता जरा करून पन राह गो बाय!"

ओरडले तरी त्यांनी मला कधी उपरं वाटू दिलं नाही. पहिल्या बाळंतपणाला गावी जाता आलं नाही, तेव्हा त्यांच्या घरून डबा यायचा. हे मी विसरत नाही. पुढचं वाचताना तुम्हीही विसरू नका.

नाना स्वतः कलम करत नसत. कलमं बाहेरून टेम्पोत यायची, आम्ही वाढवून विकायचो. त्यांचा हात भाताचा आणि मिठाचा. मला कलम शिकवलं ते रिबेकाबाईंनी.

रिबेकाबाई गिऱ्हाईक म्हणून यायच्या. बँकेतून रिटायर झालेल्या, नाकावर उतरलेला चष्मा, सुती साडी. जुन्या पनवेलमध्ये दुमजली घर, यजमान वारलेले, मुलगा इस्राएलला. कुणी नाव ऐकून विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन का?" की त्या म्हणायच्या, "नाही हो, ज्यू. बेने इस्राएल. कोकणातले शनिवार तेली आम्ही. तुमच्या पणजोबांच्या दिव्यात तेल कुणाचं होतं वाटतं तुम्हाला?" मराठी अशी की मला माझ्या बोलण्याची लाज वाटावी. त्यांचे नातेवाईक एकेक करून तिकडे निघून गेले होते. त्यांनी गच्चीवर जास्वंदी लावल्या होत्या.

आणि बाई जास्वंदी विकत आणून लावत नव्हत्या, नव्या तयार करत होत्या. जास्वंदीच्या फुलातून जी लांब दांडी येते, तिच्यावर पिवळी भुकटी असते आणि टोकाला पाच ठिपके. एका फुलाची भुकटी दुसरीच्या ठिपक्यांना लावायची, ऊन चढायच्या आत. देठाला दोरा बांधायचा. बोंड धरलं, पिकलं, तर बी मिळतं. त्या बियांतून जे रोप येईल, ते आईसारखंही नसतं आणि बापासारखंही नसतं. त्याच्यासारखं जगात दुसरं नसतं. बहुतेक रोपं मात्र मरतुकडी निघतात, नाहीतर फुलं अशी की कुणी फुकट नेणार नाही.

बाईंना सगळं ठाऊक होतं, पण हात थरथरायचे. भुकटी भलतीकडेच सांडायची. एकदा नर्सरीत मी पिशव्यांची तोंडं बांधत होते, त्या माझ्या बोटांकडे बघत उभ्या राहिल्या.

"नाना, ही मुलगी मला आठवड्यातून एक सकाळ द्याल का?"

"न्या की. पन परत आना. नायतर तुमी इस्रायेलला घिऊन जाल."

"मीच जात नाही, तिला कुठे नेऊ?"

अशी मी त्यांच्या गच्चीवर जायला लागले. त्यांनी चाकू कसा धरायचा ते शिकवलं, काडी कशी तासायची, आणि फूल नसताना झाड कसं ओळखायचं तेही. फूल असलं की कुणीही ओळखतं. नसलं की पानाचा जाडपणा बघायचा, चमक, दाते, देठाचा रंग. देशीचं पान पातळ आणि दातेरी असतं. भारी जास्वंदीचं जाड, गोलसर, तेल लावल्यासारखं. मी चुकतेसुद्धा. एका लग्नाच्या हॉलला सगळ्या पांढऱ्या निवडून दिल्या होत्या, त्यात दोन भडक गुलाबी उमलल्या. मालक रागावले नाहीत, पण मी नंतर कित्येक दिवस त्या रस्त्याने गेले नाही.

त्यांनी बीपासून वाढवलेली एक नवी जास्वंद पहिल्यांदा उमलली तो शनिवार होता. शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, त्या दिवशी त्या कामाला हात लावत नसत, पान तोडत नसत, फोन उचलत नसत. मी झाडांना पाणी घालायला गेले तर बाई गच्चीवर खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

तांब्याचा हंडा चिंचेने घासल्यावर जो रंग निघतो, तो त्या फुलाचा रंग. मध्ये वांग्याच्या सालीसारखा गडद डोळा, आणि कडेला साय धरल्यासारखी दुधी रेघ.

"बाई, मी काढू का फोटो?"

"आज नको. आज आपण बघू. दुसरी खुर्ची आण."

त्यांच्या घरात मी तोवर खुर्चीवर बसले नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघी, एक बँकेतल्या बाई आणि एक पिशव्या भरणारी, ऊन तापेपर्यंत एका फुलाकडे बघत बसलो. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. पुढे ते पुन्हा उमललं तेव्हा त्यांनी फोटो काढले, पण फोनमध्ये तो रंग यायचाच नाही, विटकरी दिसायचा.

मग बाई गच्चीच्या जिन्यात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, मुलगा येऊन राहिला आणि म्हणाला, आता एकटं राहायचं नाही. त्या भांडल्या नाहीत. मला बोलावून म्हणाल्या, "शोभा, त्या नव्या झाडाची कलमं कर. मूळ रोप पाऊस काढेलसं वाटत नाही मला."

मी केली तेवढ्यांपैकी दोन जगली. एक बाईंनी स्वतः, काठी टेकत जाऊन, यजमानांच्या कबरीशेजारी लावलं. दुसरं माझ्याकडे दिलं. इस्राएलला निघताना त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "वाढव. एकाची दोन कर, दोनाची चार. आणि उमललं की मला दाखव. तिथे माझ्याजवळ बघण्यासारखं काही नसणार."

मूळ रोप त्याच पावसात कुजलं. माझ्याजवळचं कलम मी लेकरासारखं जपलं. काडी इतकी बारीक होती की तिच्यातून पुढची कलमं करायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, अजून थोडी भरू दे.

तेवढ्यात नानांच्या भावांनी जमीन विकायचं ठरवलं. तिथे आता गोदाम आहे. रोपवाटिका कर्नाळ्याच्या वाटेवर, हायवेला लागून हलवली. टेम्पोच्या खेपा चालू असतानाच गावाकडून फोन आला, माय गेली. मी निघाले. निघताना नानांना म्हटलं, "नाना, बाईंचं झाड तेवढं बघा." ते म्हणाले, "तू जा गो. तुझ्या मायपेक्षा झाड मोठा नाय. मी हाय ना."

तेरावं करून परत आले. बसस्टँडवरून थेट रोपवाटिकेत गेले, खोलीवर गेलेच नाही. नाना फाटकातच भेटले. मायबद्दल विचारलं, पाठीवर हात ठेवला, आणि मग एकदम उजळून म्हणाले, "चल, तुला दाखवतंय. तुझ्या बाईचा झाड बघ कसा जोमान हाय!"

खरंच जोमात होतं. हिरवंगार, पानांनी भरलेलं. पान पातळ होतं. दातेरी होतं.

"वर एक पिवळी पडलेली मरतुकडी काडी व्हती, खालून जोमाचा कोंब व्हता. सगला जीव तीच खात व्हती. मी कापून टाकली, तवा कुटं ह्यान अंग धरला. शेणखत घातला, रोज मीच पानी घातला. पोरांना हात लावू दिला नाय."

मी खाली बसले आणि माती बाजूला केली. गाठीच्या वर काहीच नव्हतं. काप स्वच्छ होता, सुकलेला. हलवाहलवीत काडी पिवळी पडली असणार, सावलीत ठेवली असती तर सावरली असती. पण भातशेतीतल्या माणसाला पिवळं पडलेलं रोप उपटून जोमाचं राखायचंच ठाऊक असतं. त्यांनी मनापासून केलं होतं. मी म्हटलं, "छान वाढलंय, नाना." आणि पाणी प्यायच्या निमित्ताने टाकीमागे गेले. मायसाठी गावी रडले होते त्याहून जास्त तिथे रडले.

बाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. मागे पांढरी भिंत, त्या बारीक होत चाललेल्या. "कळी आली का गं?" मी म्हणायची, "येईल बाई." फोन वाजला की मी तो आधी दोनदा वाजू द्यायची. खरं सांगायचं तर नानांचं नाव येणार, आणि खोटं किती दिवस टिकणार? देशी जास्वंद तर बारा महिने फुलते.

फुललीच. सकाळी मी पोचले तर नाना झाडासमोर उभे होते. लाल, साधं, पाच पाकळ्यांचं फूल. रोपवाटिकेत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला आता कुणी समजावून सांगायला नको होतं.

"तुला ठाव व्हता," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"मी मारला गो त्याला."

"नाना, तुम्ही मुद्दाम..."

"फोन लाव बायला. मी बोलतंय."

मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. पलीकडे बाईंचा चेहरा आला आणि नानांनी टोपी काढली. "बाय, तुमचा झाड माझ्या हातान गेला. हिचा काय दोष नाय." सगळं सांगितलं, काडी कशी कापली तेसुद्धा. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "नाना, सकाळपासून काही खाल्लंत का?"

नानांनी मान हलवली. बाईच पुढे म्हणाल्या, "शोभा, आमच्या साहेबांच्या कबरीजवळचं बघून ये. आणि तिथलं काढायचं झालं तर त्यांना विचारून काढ हं. विचारल्याशिवाय त्यांची पेन्सिलही घेतलेली त्यांना चालायची नाही."

दुसऱ्याच दिवशी नानांनी मला स्कूटरवर मागे बसवून ज्यूंच्या कबरस्तानात नेलं. दगडावर मराठीत नाव, आणि वर त्यांची ती उजवीकडून वाचायची अक्षरं. शेजारी जास्वंद डोक्याएवढी वाढलेली, लाल फुलांनी नुसती लगडलेली. रखवालदार चाचा कौतुकाने म्हणाले, "बाई सांगून गेल्या होत्या, खयाल रखना. बघा कशी बहार आहे." त्यांनी बुडाला मातीचा ढीग घातला होता, गाठ कुठे गाडली गेली होती कळत नव्हतं. नाना दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

मी एकेक फांदी हाताने बाजूला करत गेले. पातळ पान, दातेरी पान, पातळ, दातेरी. बाईंच्या झाडाचा तो लाल देठ कुठेच नव्हता. मग अगदी मधोमध, अंधारात, बोटाला एक पान जाड लागलं. बोटाएवढी काडी होती, तिला मोजकी पानं, सगळ्या हिरव्या गर्दीत घुसमटलेली. गोलसर. तेल लावल्यासारखं.

मी दगडाकडे बघून म्हटलं, "साहेब, घेते हं." नानांनी हात जोडले.

उन्हाळा होता. कलमाचा हा काळ नव्हे, पण पावसाची वाट बघावी एवढा जीव त्या काडीत नव्हता. काडीवर होते तेवढे डोळे, म्हणजे पानाच्या बगलेतले कोंब, तोडून मी वेगवेगळ्या खुंटांवर बसवले. पट्टीने आवळून वरून पिशवीच्या टोप्या घातल्या. बाकीची कलमं काळी पडली, एक राहिलं.

त्या एकाची राखण नानांनी केली. सावलीच्या जाळीखाली उलट्या क्रेटवर ते बसून असायचे. गाठीच्या खाली मोहरीएवढा कोंब दिसला तरी नखाने खुडायचे. "ह्यो देशी लय लबाड हाय," म्हणायचे. गिऱ्हाइकांना सुद्धा झाडापासून लांब उभं करायचे. बाईंना ते दर आठवड्याला माझ्या फोनवरून एक एक पान दाखवायचे, आणि बाई तिकडून म्हणायच्या, "शाब्बास, नाना." त्यांचा आवाज दर वेळी आणखी बारीक.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर कळी दिसली. हरभऱ्याएवढी. नानांनी पेढे आणले. म्हणाले, "आता बायला फोन पन लावू नको. येकदम उमललेलाच दाखवू."

त्याच आठवड्यात बाईंच्या मुलाचा फोन आला. मी भाजी निवडत होते. तो म्हणाला, "मावशी, आई गेली. परवा. झोपेतच गेली, त्रास नाही झाला." मग म्हणाला, "मराठी बोलायला शेवटी तीच होती माझ्याजवळ." मी काय बोलले आठवत नाही. झाडाचं काहीच बोलले नाही.

नानांना सांगायचं होतं. रोज सकाळी ठरवून जायची. पण ते क्रेटवर बसून कळी बघत असायचे, मला बघितलं की बोटांनी मापून दाखवायचे, एवढी झाली. मी म्हणायची, उद्या सांगू. दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. कळीने देठ वाकवला, टोकाला रंग धरला.

उमललं त्या सकाळी हायवेवर धुकं होतं. नाना माझ्या आधी आले होते. फूल त्यांच्या तळव्याहून मोठं. तांब्याचा रंग, वांग्याच्या सालीचा डोळा, कडेला साय.

"ह्योच?" त्यांनी विचारलं.

"हेच, नाना."

"नीट बघ गो. नायतर परत..."

"नीट बघितलं. हेच."

नानांनी मोठा श्वास सोडला. बोटांची माती पँटला पुसली, शर्टाची वरची गुंडी लावली, टोपी सरळ केली. आणि झाडाला धक्का लागू नये असे, जपून, कुंडीच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"लाव आता फोन बायला," ते म्हणाले. "मी पन दिसला पायजे हां. नायतर बोलंल, नाना लपला."

धुक्यातून गाड्या जात होत्या. नाना फोनकडे बघून हसत उभे होते. मी फोन खाली ठेवला आणि म्हटलं, "नाना, जरा बसा."